एका घरात दोन चुली

वाटणी हा शब्द कानावर पडला की मराठी माणसाच्या पोटात उगीचच गोळा येतो. वाड्याच्या चौकात उभी राहिलेली विटांची भिंत, एकाच विहिरीवर बसवलेले दोन रहाट, आजोबांच्या वेळच्या एका तांब्याच्या हंड्यापायी दोन जावांनी चार वर्षे धरलेला अबोला, अशी किती तरी चित्रे डोळ्यांपुढून सरकून जातात. आमच्या घराण्यात वाटण्या दोनदा झाल्या. दोन्ही वेळा मी इतका लहान होतो, की गवंड्याला विटा नेऊन देण्यापलीकडे मला त्यात काही काम नव्हते. पुढे शिकलो, नोकरीला लागलो, भाड्याच्या तीन खोल्यांत संसार मांडला. आणि वाटून द्यावे असे आपल्यापाशी काही नाही, या समाधानात इतकी वर्षे काढली.

या वर्षी मात्र वाटणी करण्याचा योग माझ्याही नशिबी आला. मिळकत तळहाताएवढी होती. माझ्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क! एकाच लॅपटॉपमध्ये विंडोज आणि लिनक्स अशा दोन प्रणाली नांदवायच्या, आणि तो सुरू करताना आज कोणाच्या घरी जायचे ते आपण सांगायचे, या प्रकाराला जाणकार मंडळी ‘ड्युअल बूट’ म्हणतात. मी त्याला एका घरातल्या दोन चुली म्हणतो. चुली दोन मांडायच्या हे ठरवायला मला एक संध्याकाळ पुरली. भिंत कोठे घालायची हे ठरवायला मात्र दोन महिने लागले.

तुम्ही म्हणाल, मराठीच्या प्राध्यापकाने वृत्ते शिकवावीत, अलंकार सांगावेत. हार्ड डिस्कच्या वाटेला कशाला जावे? कराडच्या ज्या महाविद्यालयात मी शिकवतो, तेथल्या आमच्या भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांनीही मला हेच विचारले. याचे उत्तर माझ्या आत्यापाशी आहे.

माझी आत्या पाटण खोऱ्यातल्या एका लहानशा गावी राही. शाळेचे तोंड तिने पाहिले नव्हते. पण जात्यावर बसली की तिच्या तोंडून ओव्यांची धार लागे. एम.ए. करीत असताना, २००३ साली, मी त्या वहीत उतरवून घेऊ लागलो. पुढे तिच्या शेजारणी आल्या, नंतर शेजारच्या गावच्या बायका आल्या. सतरा वह्या भरल्या. ओव्या झाल्या सुमारे ३,२००. ध्वनिमुद्रण झाले ९० तासांचे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या राशीपुढे माझे हे चिमूटभर पीठ. पण ते माझ्या घरच्या जात्याचे आहे. आत्याला एक मुलगा झाला होता आणि तो दोन वर्षांचा होऊन गेला, ही गोष्ट आमच्या घरात कधी कोणी बोलले नव्हते. मला ती कळली चौदाव्या वहीतल्या एका ओवीतून. दळता दळता ती त्याचे नाव घेऊन गेली, आणि मी मान वर केली तेव्हा ती पुढच्या ओवीला लागली होती.

आत्या २०१९ च्या उन्हाळ्यात गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या चुलतभावाकडे सहा वह्या वाचायला गेल्या होत्या. पाणी उतरल्यावर भावाने त्या उन्हात वाळवल्या. पण शाईच्या पेनाने लिहिलेले ते, पानावर निळे ढग तेवढे उरले. त्या सहांत चौदावी वहीही होती. सुदैवाने साऱ्या वह्या मी पूर्वीच संगणकावर उतरवल्या होत्या. म्हणजे आता त्या ओव्यांची वही म्हणजे ती संगणकातली फाइलच.

येथे विंडोजचा संबंध येतो. त्या फाइली छापखान्यात वापरीत त्या जुन्या मराठी टंकात आहेत. त्या काळच्या टंकांची युक्ती मोठी मौजेची होती. संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षर किंवा भलतेच एखादे चिन्ह ठेवायचे आणि त्याच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवायचा. टंक आहे तोवर ‘क’ दिसतो. टंक काढला की मुखवटा गळतो आणि आत्याची ओवी एखाद्या इंग्रजी बाराखडीवर मांजर चालून गेल्यासारखी दिसू लागते. युनिकोडने १९९१ साली देवनागरीच्या अक्षरांना त्यांचे स्वतःचे क्रमांक दिले. ‘क’चा क्रमांक २३२५, कोणत्याही टंकात, कोणत्याही संगणकात तो ‘क’च राहतो. जुन्याचे नव्यात रूपांतर करणारे कार्यक्रम मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार यांच्याशी त्यांचे विशेष सख्य नाही. शिवाय जुन्या टंकात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप करीत. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. त्यामुळे कोठली वेलांटी कोणाच्या गळ्यात पडेल याचा नेम नसतो. म्हणून रूपांतर झाले की एकेक ओळ मुळाशी ताडून पाहावी लागते. अकरा वह्या झाल्या, कारण त्यांचे कागद माझ्यापाशी आहेत. राहिल्या त्या पुरातल्या सहा. त्यांना मूळ आहे ते फक्त त्या जुन्या कार्यक्रमाच्या पडद्यावर, आणि तो कार्यक्रम विंडोजखेरीज कोठे चालत नाही.

मग लिनक्स कशाला? तर माझा लॅपटॉप २०१७ सालचा. आठ जीबी स्मृती, सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, एक टेराबाइटची फिरती हार्ड डिस्क. त्यावरच्या विंडोज १० ला सुरक्षेची नवी दुरुस्ती देण्याचे सर्वसाधारण काम मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. वाढीव मुदतीची काही सोय ठेवली होती. पण मुदतवाढ म्हणजे कायम नेमणूक नव्हे, हे आमच्या पेशातल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चकती लागते, आणि इंटेलचे प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीपासून पुढचे चालतात. माझा लॅपटॉप एका पिढीने चुकला! लिनक्सला मात्र असला कुळाचार नाही. १९९१ सालीच हेलसिंकीच्या विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने त्याचा गाभा लिहून जगाला मोकळा केला. आठ वर्षांच्या यंत्रावरही त्याची चालती आवृत्ती मजेत नांदते. तेव्हा बेत असा ठरला : टपाल, वाचन, लेखन, महाविद्यालयाची कामे, सारे लिनक्समध्ये, आणि विंडोज केवळ त्या सहा वह्यांपुरते, इंटरनेटला अजिबात न जोडता. म्हाताऱ्या माणसाला बाजारात पाठवू नये, घरी बसून ते जे काम उत्तम करते ते करू द्यावे, तसे.

घरात हा बेत जाहीर केला तेव्हा बारावीतल्या कन्येने कपाळाला आठ्या घातल्या.

“बाबा, लिनक्सच्या आतच एक खोटा संगणक करता येतो. व्हर्च्युअल मशीन. त्यात विंडोज टाकायचं. डिस्कची कटकटच नको.”

सूचना चांगली होती आणि नव्या दमाच्या यंत्रावर मी ती स्वीकारलीही असती. पण आठ जीबी स्मृतीत दोन प्रणाली एकाच वेळी बसवायच्या म्हणजे एकाच ताटात दोन पाहुण्यांना वाढणे. कोणाचेच पोट भरत नाही. शिवाय त्या जुन्या कार्यक्रमाची एक किल्ली आहे, यूएसबीला लावायची. ती किल्ली खोट्या दाराला लागेल याची खात्री कोणी देईना.

“अहो, नवा घ्या ना सरळ,” सौभाग्यवती म्हणाल्या.

नवा घेतला तरी जुना कार्यक्रम त्यावर चालेलच असे नाही, हे मी त्यांना सांगितले. कन्येच्या शिक्षणाचा खर्च तोंडावर आहे, हे त्यांनीच मग मला सांगितले. विषय तेथेच मिटला.

तेव्हा लॅपटॉप पिशवीत घालून मी आमच्या पेठेतल्या संगणकाच्या दुकानात गेलो. दुकानदार माझाच विद्यार्थी. वर्गात शेवटच्या बाकावर बसे. त्याने खालचे बारीक स्क्रू काढले, पाठ उचलली आणि एका चपट्या डबीवर बोट ठेवले.

“सर, ही तुमची डिस्क. आतली तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरते.”

मी हिशेब केला. सेकंदाला नव्वद फेऱ्या. एका फेरीला अकरा सहस्रांश सेकंद. कानाला ते क्षणार्धाहून कमी; पण संगणकाला हवे ते अक्षर तबकडी फिरून सुईखाली येईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि प्रणाली सुरू होताना अशी वाट हजारो वेळा पाहावी लागते. एवढ्यात आमच्या घरी चहा होऊन कपही विसळून होत. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात २४ इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या. यंत्राचे वजन टनाच्या घरात आणि त्यात मावत होती सुमारे ५० लाख अक्षरे. माझ्या साऱ्या ओव्या युनिकोडमध्ये एक एमबीच्या आतच बसतात. त्या त्या अवाढव्य यंत्रातही सुखाने राहिल्या असत्या. जागा लागते ती आवाजाला. चांगल्या प्रतीच्या ध्वनिमुद्रणाला तासाला सुमारे ६०० एमबी, म्हणजे नव्वद तासांना ५४ जीबी.

ती उघडी डबी पाहताना मला जात्याची आठवण झाली. तळी, खुंटा, भोवती गरगरणारी दगडी पेड आणि तिच्यातून बाहेर येणारी ओवी. आत्याच्या ओव्या एका फिरत्या दगडावरून उठून दुसऱ्या फिरत्या तबकडीवर जाऊन बसल्या होत्या. फरक एवढाच, की जाते शंभर वर्षे टिकते.

आता वाटणीचे पर्याय सांगतो. पहिला पर्याय बिनपैशाचा : आहे त्याच डिस्कचे दोन भाग पाडायचे. विंडोजलाच सांगून त्याचा भाग आकसून घ्यायचा आणि मोकळ्या जागेत लिनक्स वसवायचे. डिस्कवर जीपीटी पद्धतीची नोंदवही असेल तर तीत १२८ भागांची सोय असते. जुन्या एमबीआर पद्धतीत मुख्य भाग चारच. यात एक जुनी मेख आहे. एक टेराबाइट म्हणून घेतलेली डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. कोणी चोरलेले नसते. विकणारा हजाराने मोजतो आणि विंडोज १,०२४ ने. शेतीच्या वाटणीत जुना बिघा की नवा एकर यावरून भांडण लागे, त्यातलाच हा प्रकार. पण खरी अडचण वेगळी. तबकडी एक, सुई एक, आणि वय आठ वर्षे. भिंत कितीही सरळ घातली तरी छप्पर एकच. ते कोसळले तर दोघांच्याही डोक्यावर.

दुसरा पर्याय : फिरती डिस्क काढून तिच्या जागी मोठी एसएसडी बसवायची आणि तिचेच दोन भाग करायचे. एसएसडीत फिरते काही नसते. विजेचा भार धरून ठेवणाऱ्या सूक्ष्म कप्प्यांत ती लिहिते. फिरती डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते तेथे ती ५०० वाचते. आणि अक्षर शोधायला फेरी मारावी लागत नाही, ही तिची खरी मिजास. लिहून लिहून तिचे कप्पे झिजतात, हे खरे. पण ५०० जीबीच्या अनेक डिस्कवर ३०० टेराबाइट लेखनाची हमी असते. रोज २० जीबी लिहिले तरी ती पुरायला ४१ वर्षे लागतील. माझी निवृत्ती त्याच्या किती तरी आधी आहे.

हा पर्याय मला जवळजवळ पटला होता. बहुतेकांना तोच पुरेसा आहे, हेही सांगून टाकतो. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये डिस्कला एकच जागा आहे त्यांनी दुसऱ्याचा हेवा करू नये. एका डिस्कवर दोन्ही प्रणालींचा उंबरठा मात्र एक असतो. ईएफआय नावाचा एक छोटा भाग असतो, त्यात दोघांचेही ‘मला असे उठवा’ हे चिटोरे ठेवलेले असते. एकाने घर सारवताना दुसऱ्याचे चिटोरे केरात गेले, असे प्रसंग घडतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका नव्या दुरुस्तीनंतर किती तरी जणांच्या दुहेरी संगणकांतले लिनक्स उठेनासे झाले होते. त्या वेळची खूणगाठ डिस्कवर नव्हे, तर संगणकाच्या मूळ पाटीवरच्या स्मृतीत बसली होती. तेव्हा दोन डिस्क केल्या म्हणजे सगळी भांडणे मिटली असे नव्हे. पण निम्मी तरी मिटतात.

“सर, तुमच्या लॅपटॉपमध्ये आणखी एक जागा आहे,” माझा विद्यार्थी म्हणाला.

पाटीच्या कोपऱ्यात एक रिकामी खाच होती. तिला एम डॉट टू म्हणतात. तीत च्युइंग गमच्या वडीसारखी एक पट्टी बसते. २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. पट्ट्या दोन जातींच्या, आणि दिसायला सख्ख्या बहिणी. एक साटा जातीची, दुसरी एनव्हीएमई. साटावालीला सामान्यतः दोन खाचा असतात, एनव्हीएमईला एक. पण खाच जुळली म्हणजे पत्रिका जुळली असे नव्हे. आपल्या लॅपटॉपची ती जागा कोणती जात चालवून घेते हे त्याच्या माहितीपत्रकात पाहूनच पट्टी घ्यावी. माझ्याकडे एनव्हीएमई चालत होती. ती साटाच्याही पाचसहा पट वेगाने धावू शकते. पण लेखन-वाचनाच्या कामात हा वेग कळून येत नाही. मला वेगाशी कर्तव्य नव्हते. मला हवी होती दुसरी डिस्क.

अशा रीतीने तिसरा पर्याय उभा राहिला : एक प्रणाली एका डिस्कवर, दुसरी दुसरीवर. दोन घरे, दोन उंबरठे, मधे गल्ली. पण एवढे ठरल्यावर रात्री अंथरुणावर पडलो आणि ध्यानात आले, की इतके दिवस मी भाडेकरूंच्या खोल्यांचीच वाटणी करीत बसलो होतो. विंडोज काय किंवा लिनक्स काय, दोघेही भाडेकरू. उद्या मोडले तर पुन्हा आणता येतील. दुकानात मिळतात, फुकटही मिळतात. ओव्या कोठून आणणार? तेव्हा प्रश्न चुलींचा नव्हता. देवघर कोठे ठेवायचे, हा होता.

देवघर दोघांनाही मोकळे पाहिजे. जुनी फाइल विंडोजमध्ये उघडायची, रूपांतर केलेली प्रत लिनक्समध्ये दुरुस्त करायची, हे माझे रोजचे काम. आता लिनक्सची घरची मांडणी एक्स्ट-फोर नावाची. ती विंडोजला मुळातून वाचता येत नाही. विंडोजची एनटीएफएस मांडणी मात्र लिनक्स वाचते आणि लिहितेही. दोन भावांत ज्याला दोन्ही भाषा येतात त्यानेच दुसऱ्याच्या अंगणात यावे, हे ओघानेच आले. एक्सफॅट नावाची तिसरी मांडणीही दोघांना चालते. पण एनटीएफएस काही बदल करण्याआधी त्याची रोजकीर्दीत नोंद करते, म्हणून मधेच वीज गेली तरी हिशेब जुळवता येतो. एक्सफॅटपाशी ती रोजकीर्द नाही. आमच्या भागात विजेचा भरवसा किती धरावा हे येथल्या वाचकांना माहीत आहे. मी एनटीएफएस निवडली.

शेवटी वाटणी झाली ती अशी. एम डॉट टूमध्ये ५०० जीबीची पट्टी. ती सबंध लिनक्सची. फिरती डिस्क होती त्या जागी एक टेराबाइटची साटा एसएसडी. तिच्यावर २०० जीबी विंडोजला, जुने बिऱ्हाड जसेच्या तसे उचलून आणून. आणि उरलेली सारी जागा देवघराला. लिनक्स बसवताना माझ्या विद्यार्थ्याने विंडोजची डिस्क काढून टेबलावर ठेवली होती. कारण विचारले तर म्हणाला, “सर, काही वेळा नवा पाहुणा आपलं चिटोरं दुसऱ्याच्याच उंबऱ्यात ठेवतो. दार बंद असलेलं बरं.” शेवटच्या बाकावर बसणारा हा मुलगा! विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ही त्याने बंद केले. ते चालू असले की विंडोज पूर्णपणे झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवते आणि देवघराचे दार अर्धवट लोटलेले राहते. अशा वेळी लिनक्सने आत जाऊन काही लिहिले तर घोटाळा होऊ शकतो.

दोन चुलींच्या घरात एक गमतीदार कुरबूर मात्र पहिल्याच आठवड्यात झाली. लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलो, की तेथले घड्याळ साडेपाच तास मागे पडे. दुपारी तीन वाजता ते सकाळचे साडेनऊ दाखवी. लिनक्स संगणकाच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज स्थानिक वेळ ठेवते, आणि दोघांत अंतर बरोबर ग्रीनिच ते भारत एवढे. इंटरनेट नसल्याने विंडोजला ते आपोआप दुरुस्त करता येईना. एक आज्ञा देऊन लिनक्सलाच स्थानिक वेळ पाळायला लावले. ज्याला समजावून सांगितलेले कळते त्यालाच नमते घ्यावे लागते, हा घरोघरचा न्याय येथेही लागू पडला.

आता लॅपटॉप इतक्या लवकर सुरू होतो की चहाला अवसर मिळत नाही. आणि तो इतका मुका झाला आहे, की पहिले काही दिवस चुकल्यासारखे वाटे. जुन्या डिस्कची बारीक घरघर मला सवयीची झाली होती. एका रात्री सगळे निजल्यावर कानाला यंत्र लावून चौदाव्या वहीचे ध्वनिमुद्रण ऐकत बसलो. रूपांतराच्या कार्यक्रमाने त्या मुलाच्या नावातला रफार उचलून भलत्याच अक्षरावर ठेवला होता. पडद्यावर ते नाव कोणा परक्याचे झाले होते. विंडोजमध्ये मूळ पाहिले, आत्याचा आवाज दोनदा ऐकला, आणि लिनक्समध्ये येऊन ते अक्षर जागेवर बसवले. काम मिनिटाभराचे. पण त्या मुलाच्या नावाचा दुसरा कागद आज जगात कोठे नाही. जन्माची नोंद नाही, मृत्यूची नाही. तो आहे तो त्या एका ओळीत.

म्हणून सांगतो, लॅपटॉपच्या आतली वाटणी कितीही शहाणपणाची झाली तरी तेवढ्यावर झोपू नये. लॅपटॉप चोरीला जातो, पडतो, पुरात बुडतो. तेव्हा त्यात एक डिस्क आहे की दोन हे पाणी विचारत नाही. जाणत्यांचा नियम आहे : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. माझी पहिली प्रत देवघरात. दुसरी, त्या निवृत्त झालेल्या जुन्या डिस्कवर. तपासून पाहता ती अजून ठणठणीत निघाली, म्हणून एका बाहेरच्या डबीत घालून घरच्याच कपाटात ठेवली आहे. तिसऱ्या प्रतीसाठी मुद्दाम नवी फिरती डिस्क घेतली. एसएसडी विजेवाचून वर्षानुवर्षे पडून राहिली तर तिच्या कप्प्यांतला भार ओसरू शकतो. कपाटात निजायचे काम फिरत्या तबकडीनेच करावे. ती डिस्क पुण्याला बहिणीकडे आहे, कृष्णेपासून दूर. इंटरनेटवर प्रत ठेवण्यालाही माझी ना नाही. लिखाणाची एक प्रत मी तेथेही ठेवली आहे. पण दर महिन्याच्या भाड्यावर आत्याला ठेवणे मनाला बरे वाटत नाही.

आणि डिस्क ठेवून दिली म्हणजे प्रत राहिली असे होत नाही. ती वर्षातून एकदा तरी उघडून वाचून पाहावी लागते. त्यासाठी मी दिवस ठरवला आहे पाडव्याचा. व्यापारी त्या दिवशी नव्या वह्या उघडतात, मी जुन्या उघडतो. भाऊबिजेला बहिणीकडे जायचे असतेच. नवी भर घातलेली प्रत तिच्या डिस्कवर चढवतो, चारदोन फाइली मधूनच उघडून पाहतो, आणि जेवणाआधी पाच मिनिटे आत्याचा आवाज सगळ्यांना ऐकवतो. तुमच्याही घरात कोणाचा तरी आवाज, कोणाचे तरी अक्षर अशा एखाद्या डबीत पडून असेल. या दिवाळीत फराळाचे डबे उघडाल, तेव्हा तीही उघडून पाहा. चालत असेल तर तिची एक प्रत करून दूरच्या नातलगाकडे पोचवा. विंडोज की लिनक्स, एक डिस्क की दोन, ते मग सवडीने ठरवता येईल.